सुरांचे गुप्तदान

व्यापारी कुटुंबांत उठावण्याची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. वर्तमानपत्रात वेळ छापून येते, पांढऱ्या कपड्यांतील माणसे ठरलेल्या सभागृहात जमतात, सतरंजीवर दाटीवाटीने बसतात. कोणी दोन शब्द बोलतो, कोणी दिवंगताच्या सचोटीची आठवण सांगतो, एखाद्या संस्थेला देणगी जाहीर होते. तासाभराने मंडळी घरच्यांना हात जोडून उठतात आणि पुढे केव्हातरी दुकानाचे शटर वर जाते. शोकाला एवढा अवधी मिळतो, आणि तो पुरत नाही हे प्रत्येकाला ठाऊक असते. बोलणाऱ्यालाही कळत असते की, आपण बोलतो आहोत ते शब्द याआधी अनेकांसाठी वापरून झालेले आहेत. ‘कधीही भरून न निघणारी पोकळी’ हे वाक्य ज्याने प्रथम उच्चारले असेल त्याचे दुःख खरे होते. शंभराव्या वेळी ते केवळ वाक्य उरते.

एका घराच्या दुःखाची ही स्थिती, तर संपूर्ण शहरावर कोसळलेल्या दुःखाचे काय? तेथे उठावणा कोणी ठेवायचा, हात कोणापुढे जोडायचे आणि बोलायचे तरी काय? या प्रश्नाला पॅरिसमधील एका वादकाने दिलेले उत्तर समजून घेण्यासारखे आहे.

१३ नोव्हेंबर २०१५ च्या रात्री पॅरिसवर दहशतवादी हल्ले झाले. क्रीडांगणाबाहेर, उपाहारगृहांच्या दारांत आणि बाताक्लाँ नावाच्या संगीतगृहात मिळून १३० माणसे मारली गेली. मृतांपैकी बहुतेक जण शुक्रवारची संध्याकाळ मजेत घालवायला बाहेर पडले होते. देशात आणीबाणीची स्थिती घोषित झाली. दोन दिवसांनी, रविवारी १५ नोव्हेंबरला, सेन नदीच्या बेटावरील नोत्र-दाम कॅथेड्रलमध्ये मृतांसाठी मिस्सा अर्पण करण्यात आला. आर्चबिशप आंद्रे व्हँ-त्र्वा यांनी प्रार्थना चालवली. कॅथेड्रल माणसांनी भरून गेले होते. त्यांत नित्य येणारे भाविक होते, तसेच एरवी चर्चची पायरी न चढणारेही होते.

त्या उपासनेत पश्चिमेच्या महाद्वारावरील उंच सज्जात बसून ऑलिव्हिए लात्री यांनी ऑर्गन वाजवला. त्यांनी विषय म्हणून घेतले ते फ्रान्सचे राष्ट्रगीत, ‘मार्सेयेज’. समोर लिहिलेली स्वरलिपी नव्हती. त्या चालीवर त्यांनी त्या क्षणी सुचेल तशी उपज केली. काही मिनिटे सूर त्या दगडी कमानींखाली फिरत राहिले आणि मग थांबले. चर्चमधील उपासना असल्याने टाळ्यांचा प्रश्न नव्हता. वादक कोणाला दिसलाही नाही.

लात्री यांचा जन्म १९६२ चा, उत्तर फ्रान्समधील बूलोन्य-स्यूर-मेर या बंदराच्या गावचा. गास्तों लितेझ या अंध ऑर्गनवादकाकडे ते शिकले. १९८५ साली, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, नोत्र-दामच्या चार मुख्य वादकांपैकी एक म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्याआधी जवळजवळ तीस वर्षे ही जागा प्येर कोशरो सांभाळत होते आणि उपजेच्या वादनातील त्यांची ख्याती सर्वत्र पसरलेली होती. अशा माणसामागून त्या बाकावर बसणे तरुण वादकाला सोपे गेले नसावे.

हे वाद्य कसे आहे, ते थोडे समजून घेतले पाहिजे. मराठी घरांत आणि भजनी मंडळांत जी पेटी वाजते, तिचे मूळही पॅरिसमध्येच आहे. अलेक्सांद्र दबँ या कारागिराने १८४० च्या सुमारास तेथे हार्मोनियम सिद्ध केले. पुढे ते भारतात आले, जमिनीवर बसून हाताने भाता हलवण्याजोगे झाले आणि आपले होऊन बसले. संगीत नाटकांच्या काळात रंगमंचापुढे पायाने भाता मारून वाजवायचा ऑर्गनही जुन्या रसिकांना आठवत असेल. कॅथेड्रलमधील ऑर्गन हा या कुळातला वडीलधारा. त्याचा स्वर धातूच्या पत्तीऐवजी मुख्यतः नळ्यांतून निघतो. नोत्र-दामच्या ऑर्गनला जवळजवळ आठ हजार नळ्या आहेत. सर्वांत मोठ्या नळ्यांची लांबी दहा मीटरच्या घरात जाते, तर लहान नळ्या बोटाहूनही लहान असतात. हातांसाठी पट्ट्यांच्या पाच रांगा एकावर एक मांडलेल्या आहेत आणि खाली पायांनी वाजवायच्या लाकडी पट्ट्या आहेत. पेटीवादक ज्यांना स्टॉपर म्हणतात, तसे शंभराहून अधिक खटके दोन्ही बाजूंना असतात. कोणत्या खटक्याने कोणत्या नळ्या बोलू लागतील, हे वादकाला पाठ असावे लागते.

या वाद्याचे दोन गुण शोकाच्या प्रसंगी विशेष जाणवतात. पियानोवर सूर छेडला की तो लगेच विरू लागतो. ऑर्गनचा सूर मात्र पट्टी दाबून ठेवाल तोवर तसाच उभा राहतो, कारण भात्यातला श्वास संपत नाही. दुसरे असे की, त्या विशाल वास्तूत सूर थांबल्यावरही त्याचा घुमारा सुमारे सहा सेकंद टिकतो. वादकाला घाई करून चालत नाही. आधीचा सूर पुरता जाऊ द्यावा लागतो, मगच पुढचा सांगता येतो. दुःखितापाशी बसलेल्या शहाण्या माणसाची रीत हीच असते.

आता उपजेविषयी. आपल्या रागसंगीतात गायक आलाप घेतो तेव्हा तो आधी लिहिलेले काही वाचत नसतो. रागाची चौकट ठाऊक असते, वादी-संवादी ठाऊक असतात, आणि त्या मर्यादेत त्या दिवशीचा आलाप त्या दिवशीच जन्मतो. युरोपात पुढे लिखित संगीताचे महत्त्व वाढत गेले आणि मैफलीतील वादक छापील पानांवर विसंबू लागला. परंतु फ्रेंच ऑर्गनवादकांनी उपजेची विद्या जपली. उपासनेत कोणता विधी किती वेळ चालेल हे नेमके सांगता येत नाही. धर्मगुरू पावले टाकत वेदीपर्यंत पोहोचेपर्यंत सूर चालू राहिला पाहिजे आणि ते पोहोचताच सावरून घेतला पाहिजे. या गरजेतून ही कला टिकली. पॅरिसच्या संगीत महाविद्यालयात ती रीतसर शिकवली जाते. एखादी चाल हाती देऊन तिच्यावर तेथल्या तेथे नियमबद्ध रचना उभी करण्याची परीक्षा विद्यार्थ्याला द्यावी लागते. म्हणजे ही उत्स्फूर्तता आळशाची नव्हे, तिच्यामागे वीस-पंचवीस वर्षांचा रियाज असतो.

शोकासाठी उत्तमोत्तम लिखित रचना उपलब्ध असताना, मनात येईल ते वाजवण्याचे साहस का करावे? लिखित रचना दुसऱ्या कोणाच्या मृत्यूवर, दुसऱ्या काळात रचलेली असते. तिचे सौंदर्य निर्विवाद आहे, पण तिला आज जमलेल्या माणसांची खबर नसते. उपज करणारा मात्र याच हवेत बसलेला असतो. खालची शांतता त्याला ऐकू येते. शोकसभेत कागदावरून वाचलेले भाषण आणि अडखळत बोललेले दोन शब्द यांत जो फरक असतो, तोच येथे आहे. अडखळणाऱ्याच्या बोलण्यात व्याकरणाच्या चुका असतील, पण तो याच माणसाविषयी बोलतो आहे, अशी ऐकणाऱ्याची खात्री पटते.

लात्री यांनी निवडलेला विषयही विचार करण्याजोगा आहे. ‘मार्सेयेज’ हे १७९२ साली रूजे द लील या लष्करी अधिकाऱ्याने स्त्रासबूर येथे रचलेले युद्धगीत. शस्त्रे उचलण्याचे, शत्रूशी भिडण्याचे आवाहन त्याच्या शब्दांत आहे. त्याच सुमारास क्लोद बाल्बास्त्र या वादकाने, जो नोत्र-दामच्या ऑर्गनवादकांपैकीच एक होता, ते पट्टीवाद्यासाठी बांधले होते. तेव्हा हे गीत त्या परंपरेला परके नव्हते. परंतु २०१५ च्या त्या रविवारी त्याचा अर्थ निराळा झाला. हल्ल्यानंतर अवघ्या दोन दिवसांनी, लोकांच्या मनात संताप धगधगत असताना, हे गीत शब्दांसह गर्जून म्हणता आले असते. ऑर्गनला शब्द नाहीत. सुडाची भाषा गळून पडली आणि चाल तेवढी राहिली, जी प्रत्येक फ्रेंच माणसाने शाळेत असताना म्हटलेली होती. ती ऐकताना कोणाला आपला देश आठवला असेल, कोणाला आपले मूल. काय आठवावे, हे वादकाने ठरवून दिले नाही. वैर वाढवणे सोपे असते अशा वेळी एखाद्याने लोकांना न भडकवता आपल्या दुःखापाशी बसू दिले, तर ती मोठी सेवा होय.

या बाकावर बसून दुःख वाजवणारे लात्री पहिले नव्हेत. १९०० ते १९३७ या काळात येथे लुई व्हिएर्न वादक होते. जन्मतःच त्यांना जवळजवळ दिसत नव्हते. पहिल्या महायुद्धात १९१७ साली त्यांचा तरुण मुलगा झाक गेला आणि पुढल्याच वर्षी भाऊ रने युद्धात मारला गेला. मुलाच्या स्मरणार्थ त्यांनी पियानो आणि तंतुवाद्यांसाठी एक पंचवादन लिहिले. युद्धानंतर त्यांचा लाडका ऑर्गन जीर्ण झाला होता. दुरुस्तीला पैसा हवा होता, म्हणून हा दृष्टिहीन, खचलेला मनुष्य परदेशांत कार्यक्रम करीत फिरला. १९२७ साली त्यांनी अमेरिकेचा दौरा केला. १९३२ साली ऑर्गन दुरुस्त होऊन पुन्हा वाजू लागला.

२ जून १९३७ रोजी नोत्र-दाममध्ये व्हिएर्न यांचे वादन होते. तो त्यांचा १७५० वा कार्यक्रम असल्याचे सांगितले जाते. शेजारी शिष्यवत मित्र मॉरिस द्युरुफ्ले उभे होते. व्हिएर्न यांनी स्वतःची त्रिखंडी रचना वाजवली. तिचा शेवटचा भाग एका निवर्तलेल्या बालकाच्या स्मरणार्थ लिहिलेला होता. यानंतर त्यांनी दिलेल्या चालीवर उपज करावयाची होती. चाल ब्रेल लिपीत त्यांच्या हाती देण्यात आली. त्यांनी खटके निवडले आणि त्याच क्षणी ते कोसळले. पाय खालच्या पट्टीवर पडला आणि एक खोल, एकटा सूर त्या वास्तूत घुमू लागला. खाली बसलेल्या श्रोत्यांना वाटले असेल की, उपज सुरू झाली. काही वेळाने कळले की, वादक गेला.

त्यानंतरची मोठी शांतता १५ एप्रिल २०१९ रोजी आली. सोमवारची संध्याकाळ होती. उपासना चालू असताना धोक्याची घंटा वाजली. काही वेळातच छपरातील मध्ययुगीन ओक वृक्षांचे लाकूड पेटले आणि रात्र होण्यापूर्वी उंच मनोरा कोसळला. नदीच्या काठाकाठाने हजारो माणसे उभी राहिली. कोणी गुडघे टेकले, कोणी प्रार्थनागीते म्हटली. लात्री त्या वेळी व्हिएन्नात होते. ज्या वाद्यावर आयुष्यातील चौतीस वर्षे गेली, ते जळते आहे की वाचले आहे, हे दूर देशी बसून त्यांना कळण्याची सोय नव्हती. त्या वर्षाच्या जानेवारीतच त्यांनी त्या ऑर्गनवर बाखच्या रचनांचे ध्वनिमुद्रण केले होते. ते आता जुन्या वास्तूतील नादाची आठवण म्हणून उरले.

ऑर्गन वाचला. ज्वाळा त्याच्यापर्यंत पोहोचल्या नाहीत, पाण्यानेही तो फारसा भिजला नाही. परंतु छपरावरील शिसे वितळून त्याची विषारी धूळ नळ्यानळ्यांत जाऊन बसली होती. २०२० साली ऑर्गन उतरवण्यात आला. नळ्या कार्यशाळांत नेल्या, एकेक करून स्वच्छ केल्या आणि पुन्हा जागेवर आणून बसवल्या. मग त्यांचा सूर जुळवण्याचे काम आले. दिवसा बांधकामाचा गलबला, म्हणून कारागीर रात्री बसत. एकाने सज्जात पट्टी दाबायची, दुसऱ्याने नळीपाशी कान लावायचा, असे हजारो वेळा. एखाद्या जुन्या पेढीच्या मुनीमाने वर्षाअखेरीस प्रत्येक रकमेवर बोट ठेवून खतावणी तपासावी, तशी ही चिकाटी होती.

वास्तूच्या पुनर्निर्माणासाठी सुमारे १५० देशांतील सुमारे ३,४०,००० दात्यांनी पैसा दिला. त्यात मोठे उद्योगपती होते आणि फार थोडे देऊ शकणारेही होते. आपल्याकडे जीर्णोद्धाराला जशी एका घरातून विटेची आणि दुसऱ्या घरातून कळसाची रक्कम येते, तसेच ते झाले.

७ डिसेंबर २०२४ रोजी दारे उघडली. आर्चबिशप लोरां उलरिश यांनी आपल्या दंडाने महाद्वार ठोठावले. आग विझवणारे जवान आत आले तेव्हा उपस्थितांनी उभे राहून त्यांना दीर्घकाळ टाळ्यांनी दाद दिली. मग ऑर्गनला जागे करण्याचा विधी झाला. आर्चबिशपांनी ऑर्गनला आठ वेळा हाक दिली आणि प्रत्येक हाकेला सज्जातून उत्तर आले. लात्री, व्हँसां द्युब्वा, तिएरी एस्केश आणि तिबो फाजोल हे चौघे वादक तेथे होते. फाजोल यांचे वय जेमतेम बावीस. उत्तरे लिहून ठेवलेली नव्हती. पाच वर्षे, सात महिने आणि काही दिवस मुक्या राहिलेल्या वाद्याने त्या क्षणी सुचलेले बोलावे, अशी योजना होती.

ते सूर अनेकांना रुचले नाहीत. जगभर दूरदर्शनवर पाहणाऱ्यांपैकी पुष्कळांना मधुर, विजयी संगीताची अपेक्षा होती. प्रत्यक्षात काही उत्तरे खडबडीत, बेसूर भासणारी, अंगावर येणारी होती. इतका आनंदाचा प्रसंग आणि असे भयप्रद वाजवणे कशासाठी, अशी टीका झाली. ती अगदीच अस्थानी म्हणता येणार नाही. सामान्य श्रोत्याला सोसवेल असे वाजवणे हीदेखील वादकाची एक जबाबदारी आहे, आणि आपल्या पांडित्याच्या ओझ्याखाली समोरच्याचे दुःख दडपून टाकण्याचा मोह कलावंताला होऊ शकतो.

तरी दुसरी बाजू पाहिली पाहिजे. दीर्घ आजारातून उठलेला मनुष्य पहिल्या दिवशी गात नाही, त्याचा आवाज घोगरा येतो. पाच वर्षांच्या राखेनंतरचा पहिला सूर गोड असता, तर मध्ये काही घडलेच नाही असे भासले असते. उठावण्यात एखादी वृद्धा अचानक मोठ्याने हंबरडा फोडते तेव्हा जमलेले लोक अवघडतात, तिला गप्प करू पाहतात. पण त्या सभेत सर्वांत खरे तीच बोललेली असते. शोकातील संगीताने नेहमी सांत्वनच करावे, हा आग्रह आपल्या सोयीचा असतो. ज्याचे गेले आहे त्याला कधी कधी सांत्वनाआधी साक्षीदार हवा असतो.

अशा वादनाने काय साधते, हा व्यवहारी प्रश्न येथे विचारलाच पाहिजे. १३० घरांपैकी एकाही घरातील रिकामी खुर्ची त्या रविवारच्या सुरांनी भरली नाही. दान म्हणावे तर त्याची पावती नाही. देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरता येतात, पण उपजेने वाजवलेला सूर घुमारा संपताच नाहीसा होतो. कोणी त्याचे ध्वनिमुद्रण केलेच, तरी ज्या माणसांसाठी तो त्या घटकेला जन्मला, त्यांच्यापुरता तो तेव्हाच खर्ची पडलेला असतो. देणारा उंच सज्जात, लोकांच्या नजरेआड बसलेला. घेणाऱ्याला त्याचा चेहरा दिसत नाही, त्याचे आभार मानावे लागत नाहीत. आपल्या परंपरेत याला गुप्तदान म्हणतात आणि दानांत त्याचे स्थान वरचे मानले जाते.

या दानातून मिळते ती काही मिनिटांची जागा. तेथे कोणाला बोलावे लागत नाही, मत द्यावे लागत नाही, धीर धरून दाखवावा लागत नाही. शेकडो माणसे एकाच वेळी एकच ऐकतात आणि तरी प्रत्येकजण आपल्यापुरते रडू शकतो. ही जागा नसली तर काय होते, हे करोनाच्या काळात आपल्या घराघरांनी अनुभवले आहे. तेव्हा उठावणे मोबाईलच्या पडद्यावर झाले. चौकोनांत हात जोडलेले चेहरे दिसले, सर्वांचे आवाज एकमेकांत अडकले आणि ठरल्या वेळी पडदा काळा झाला. शब्द तेव्हाही होते, सगळ्यांनी मिळून गप्प बसण्याची सोय तेवढी नव्हती. त्या दोन वर्षांतील कितीतरी मृत्यूंचे रडणे अजून रडायचे राहिले आहे.

प्रत्येक गावात कॅथेड्रल नसते आणि प्रत्येक सभेत लात्री नसतात. परंतु बहुतेक गावांत एखादी पेटी असते आणि ती वाजवू शकणारा कोणी असतो, कदाचित सभेच्या मागच्या रांगेत बसलेला. पुढच्या उठावण्यात तीन भाषणे कमी करून त्याला पाच मिनिटे द्यावीत, ठरलेले भजन न सांगता सुचेल ते वाजवू द्यावे आणि सूर थांबल्यावर सूत्रसंचालकाने लगेच माईक हाती घेऊ नये. सभागृह लहान असेल, घुमारा सहा सेकंद टिकणार नाही. तेवढा वेळ सगळ्यांनी तसेच बसून राहावे.